एक भुवई वर

इंग्रजी कादंबरीतली माणसं तोंडापेक्षा भुवया जास्त चालवतात. आपल्या कादंबरीत नायकाला राग आला तर तो मुठी आवळतो, नायिका ओठ दाताखाली धरते, सासू भांडी आपटते. इंग्रजी पात्राला राग, संशय, प्रेम, अपचन काहीही झालं तरी त्याची एक भुवई वर जाते आणि लेखक पुढच्या परिच्छेदाला लागतो. वुडहाउसचा जीव्ह्ज हा या विद्येतला पंडित. मालकाने भलताच कोट घातला तरी जीव्ह्ज अवाक्षर काढत नाही. त्याची भुवई सूतभर हलते आणि मालकाला कळून चुकतं की या कोटाचे दिवस भरले.

या भुवईच्या आगेमागे एक विशेषण हमखास असतं. क्विझिकल. क्विझिकल नजर, क्विझिकल हसू, क्विझिकल चेहरा. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी कादंबऱ्यांकडे वळलेल्या वाचकाला हे विशेषण वारंवार भेटतं. कोश कपाटात असतो, कपाट दुसऱ्या खोलीत असतं आणि खून कोणी केला हे कळायला थोडीच पानं उरलेली असतात. मग वाचक जागच्या जागी अर्थ लावतो. क्विझ म्हणजे प्रश्नमंजुषा. प्रश्नमंजुषेत उत्तर न आलेल्या माणसाचा चेहरा तो क्विझिकल. म्हणजे गोंधळलेला, बुचकळ्यात पडलेला. झालं, पान उलटलं, खुनी सापडला.

या अर्थाने काम भागतं, पण माणूस भलताच पकडला जातो. 'कौन बनेगा करोडपती' आठवा. २००० सालापासून आपण तो खेळ बघतो आहोत. खुर्चीतला स्पर्धक घाम पुसत एक पर्याय निवडतो. अमिताभ बच्चन मान जराशी कलती करतात, त्याच्याकडे रोखून बघतात आणि 'पक्कं ना?' अशा अर्थाचं काहीतरी खर्जात विचारतात. उत्तर बरोबर आहे की चूक, याचा त्या चेहऱ्यावरून पत्ता लागत नाही. स्पर्धकाची मात्र अशी गत होते की या क्षणी त्याला स्वतःच्या आईचं नाव विचारलं तरी तो चार पर्याय मागेल. या दोघांत भांबावलेला कोण, तर स्पर्धक. क्विझिकल कोण, तर समोरचा. इंग्रजी वाचणारे आपल्यापैकी बरेच जण आयुष्यभर हे विशेषण चुकीच्या खुर्चीवर बसवत आलेले आहेत.

ऑक्सफर्डचे कोशकार या शब्दाचा अर्थ सौम्य किंवा गंमत वाटणारा बुचकळा असा देतात. म्हणजे माणूस बुचकळ्यात तर आहे, पण तिथे त्याचं बरं चाललंय. अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टर कोशात याहून ऐसपैस सोय आहे. तिथे एक अर्थ गमतीशीर विक्षिप्त, दुसरा हलकी चेष्टा करणारा आणि तिसरा बुचकळा, कुतूहल किंवा अविश्वास दाखवणारा. एकाच शब्दाच्या एकाच घरात तीन पिढ्या नांदताहेत: आजोबा विक्षिप्त, वडील टवाळ आणि नातू चौकस. नातवाचं नाक वडिलांवर गेलंय, हे मात्र कोणाच्याही लक्षात यावं.

आजोबांपासून सुरुवात करू. इंग्रजांच्या शब्दकोशांचे महर्षी डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश १७५५ साली निघाला. त्यात 'क्विझ' नाही. १७८२ साली 'एव्हेलिना'कर्ती फॅनी बर्नी हिच्या रोजनिशीत तो शब्द एका वल्ली माणसासाठी आलेला दिसतो. त्या काळात क्विझ म्हणजे प्रश्न नव्हे. क्विझ म्हणजे नग. चारचौघांसारखं न वागणारा, कपडे विचित्र घालणारा, तरुण पोरांनी ज्याच्याकडे बघून एकमेकांना कोपरखळ्या माराव्यात असा इसम. पुढे माणसांवरून हे लेबल वस्तूंवरही लागलं. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीत जॉन थॉर्प नावाचा एक बढाईखोर तरुण आहे. तो आईला बऱ्याच दिवसांनी भेटतो आणि भेटल्याभेटल्या तिच्या टोपीला क्विझ म्हणतो. ही टोपी घालून तू म्हातारी चेटकीण दिसतेस, असंही वर ऐकवतो. कादंबरी छापून निघाली १८१७ च्या अखेरीस, पण आईच्या खरेदीबद्दल मुलांची मतं तेव्हापासून फारशी सुधारलेली नाहीत.

हा शब्द आला कुठून, याची एक फर्मास गोष्ट डब्लिन शहरात सांगतात. रिचर्ड डेली नावाचा तिथला एक नाटक कंपनीचा व्यवस्थापक. साल सहसा १७९१ सांगतात. मित्रमंडळींच्या बैठकीत पैज लागली. डेली म्हणाला, ज्याला काही म्हणजे काही अर्थ नाही असा शब्द मी एका दिवसात गावाच्या तोंडी घालून दाखवतो. बैठक मोडल्यावर त्याने थिएटरातल्या पोरांना खडू दिले आणि रात्रीत शहरभर दारं, भिंती, दुकानांच्या फळ्या यांच्यावर चार अक्षरं लिहायला पिटाळलं. सकाळी उठून बघतात तो जिकडेतिकडे 'क्विझ'. लोक एकमेकांना विचारू लागले, हे काय? कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे प्रत्येकाने आपापला अर्थ सांगितला. डेली पैज जिंकला.

गोष्ट इतकी गोळीबंद आहे की ती खरी नसणार हे ओघानेच आलं. डब्लिनच्या भिंती रंगण्याआधी नऊ वर्षं तो शब्द बर्नीबाईंच्या रोजनिशीत जाऊन बसला होता आणि ही गोष्ट छापून आली ती त्या तथाकथित पैजेनंतर चाळीसेक वर्षांनी. दुसरा तर्क असा की लॅटिनमधल्या 'क्वी एस?', म्हणजे 'तू कोण?', या तोंडी परीक्षेतल्या पहिल्या सवालापासून हा शब्द आला. हा तर्क विद्वान दिसतो, पण नगाला नग म्हणण्यासाठी इंग्रज पोरं लॅटिनच्या वर्गात गेली असतील हे पटत नाही. कोशकारांनी शेवटी 'व्युत्पत्ती अज्ञात' असं लिहून हात झटकले. डब्लिनवाले मात्र अजूनही डेलीचीच गोष्ट सांगतात आणि ते बरोबरच आहे. 'अज्ञात' हा शब्द काही पाहुण्यांना फिरवून दाखवता येत नाही.

याच शब्दाने त्या दिवसांत आणखी एक उद्योग केला. १७९० च्या सुमारास दोरीवर वरखाली होणाऱ्या चकतीचं, म्हणजे आपण ज्याला यो-यो म्हणतो त्याचं, इंग्लंड-आयर्लंडातल्या बड्या लोकांना वेड लागलं होतं. त्याला बँडलोर म्हणत आणि क्विझही म्हणत. आयरिश कवी थॉमस मूर याच्या नोंदींत एक आठवण आहे. डब्लिनच्या पार्लमेंटच्या एका समितीत आर्थर वेलस्ली नावाचा एक तरुण सभासद होता आणि बैठक चालू असताना तो सगळा वेळ हे क्विझ खेळत बसला होता, असं त्याच्या एका सहकाऱ्याने मूरला सांगितलं. आजकालचे सभासद मोबाइल खेळतात म्हणून हळहळणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

हा वेलस्ली पुढे आपल्याकडे आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी त्याची गाठ पडली. मधे कैलना नदी. वाटाड्यांनी सांगितलं, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. पलीकडच्या आणि अलीकडच्या काठांवर दोन गावं समोरासमोर वसलेली दिसली. इतकी जवळ दोन गावं आहेत म्हणजे लोक येत-जात असणारच आणि लोक येत-जात असतील तर उतार असणारच, असा त्याने हिशेब केला. उतार सापडला, फौज पलीकडे गेली आणि लढाई त्याने जिंकली. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन वॉटर्लूला नेपोलियनला हरवल्यावरही, युद्धातली आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून तो असईचं नाव घेई. वाटाड्यांकडे त्याने त्या वेळी कोणत्या चेहऱ्याने बघितलं याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. पण समोरचा ठामपणे काही सांगत असताना, त्यावर विश्वास न ठेवता, मनातल्या मनात निराळा हिशेब मांडणारा चेहरा जर कुठला असेल तर त्याला विशेषण एकच आहे.

आता वडिलांकडे येऊ. नगाला क्विझ म्हणता म्हणता त्याची टिंगल करण्यालाही 'क्विझ करणं' म्हणू लागले. टिंगल करायची तर आधी नीट बघायला हवं. त्यासाठी लंडनच्या शौकीन मंडळींनी एक खास उपकरण बाळगलं, क्विझिंग ग्लास. दांडीला बसवलेलं एकच भिंग, गळ्यातल्या रेशमी फितीला अडकवलेलं. दोन भिंगांचं ते लॉर्नेट आणि डोळ्याच्या खोबणीत घट्ट बसवायचं ते मोनोकल. क्विझिंग ग्लास हातात धरायचं असे. समारंभात कोणी पाहुणा आत आला की हे भिंग सावकाश डोळ्याशी न्यायचं, पाहुण्याला बुटांपासून टोपीपर्यंत वाचायचं आणि काही न बोलता भिंग खाली सोडायचं. वाचण्यापुरती नजर चांगली असलेले लोकही ते बाळगत. त्याचा खरा उपयोग दिसण्यासाठी नव्हताच. समोरच्याला, आपण बघितले जातो आहोत, हे दिसावं म्हणून ते होतं.

आपल्याकडे हे भिंग आलं नाही, कारण गरज नव्हती. आपल्याकडे जवळचं वाचायचा चष्मा आला आणि वडीलधाऱ्यांनी तो नाकाच्या शेंड्यावर उतरवून वरून बघायला सुरुवात केली. उपकरण वेगळं, निकाल तोच.

'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचा पहिला अंक २१ फेब्रुवारी १९२५ चा. त्याच्या मुखपृष्ठावर रिया अर्विनने काढलेला एक उंच टोपीवाला ऐटबाज गृहस्थ नाक वर करून, डोळ्याशी भिंग धरून, एका फुलपाखराकडे बघतोय. क्विझिकल म्हणजे काय ते ज्याला कोशातून कळलं नाही त्याने हे चित्र बघावं. फुलपाखराने काही गुन्हा केलेला नाही. तरी ते जरा ओशाळलेलं वाटतं.

टवाळीच्या या पिढीत एक जोडगोळीही होऊन गेली. १८३७ साली लंडनमध्ये तरुण मुलींच्या तऱ्हांवर एक गमतीचं पुस्तक निघालं. लिहिणाऱ्याने टोपणनाव घेतलं 'क्विझ' आणि चित्रं काढणारा होता 'फिझ', म्हणजे डिकन्सच्या कादंबऱ्यांचा चित्रकार हॅब्लो ब्राउन. फिझ हा चेहऱ्याला असलेला बोलीतला शब्द. टवाळ आणि थोबाड अशी ही जोडी. क्विझिकल चेहऱ्याची व्याख्या याहून थोडक्यात कोणी केलेली नाही.

नातू जन्मला अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी क्विझ म्हणजे छोटी तोंडी चाचणी असा अर्थ रुळू लागला. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सच्या १८६७ च्या एका पत्रात हा वापर आहे. टवाळीपासून परीक्षेपर्यंत शब्द कसा गेला याचा कोशकारांना पेच पडतो. ज्याने कधी तोंडी परीक्षा दिली आहे त्याला पडत नाही. बाहेरून आलेले परीक्षक आपलं उत्तर ऐकून, 'असं का?' म्हणून शेजारच्या परीक्षकाकडे बघतात, त्या क्षणी परीक्षा आणि टवाळी यांच्यातली भिंत पडलेली असते. विसाव्या शतकात रेडिओ आणि टीव्हीने क्विझ घराघरांत नेली. आपल्याकडे 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट'पासून पुढे तिचं पीक आलं आणि मूळचा विक्षिप्त म्हातारा सगळे विसरले. आज क्विझ म्हटलं की बझर आठवतो. म्हणूनच क्विझिकल म्हटलं की उत्तर न आलेला स्पर्धक आठवतो आणि आपली गल्लत होते.

विशेषणाचा तोल किती नाजूक आहे ते बघायचं तर आरसा घ्यावा. चार्ल्स डार्विनने १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की माणूस कितीही खोल विचारात असला तरी त्याचं कपाळ गुळगुळीत राहू शकतं. विचाराच्या वाटेत अडथळा आला की मात्र भुवया आकसतात. आश्चर्य वाटलं की दोन्ही वर जातात. म्हणजे भुवया जवळ आल्या तर माणूस अडलाय, वर गेल्या तर चकित झालाय. क्विझिकल माणूस या दोन्ही खात्यांत एकेक भुवई ठेवून असतो. एक खाली, अडल्याचं नाटक करणारी. एक वर, नाटक आहे हे कळवणारी. त्यात ओठाचा एक कोपरा किंचित वळला की झालं. एकच भुवई उचलणं सगळ्यांना जमत नाही. जेम्स बाँड रंगवणारा रॉजर मूर आपल्या अभिनयाची थट्टा करताना, आपला पल्ला डाव्या भुवईपासून उजव्या भुवईपर्यंत, असं सांगत असे. इथपर्यंत वाचता वाचता ज्यांनी प्रयत्न करून पाहिला असेल त्यांनी आता चेहरा पूर्ववत करावा. घरातली माणसं बघताहेत.

चेहरा आपल्याकडे अर्थातच आहे आणि कामावरही आहे. सकाळची पहिली एसटी. पंधरा रुपयांचं तिकीट आणि प्रवाशाने पुढे केलेली पाचशेची नोट. वाहक नोट घेत नाही. आधी नोटेकडे बघतो, मग प्रवाशाकडे, मग पुन्हा नोटेकडे, जणू दोघांची पूर्वीची ओळख आहे का ते त्याला तपासायचंय. मग गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने हळू आवाजात म्हणतो, "बोहनी आहे, साहेब." त्याला पडलेला प्रश्न काय आहे ते त्याला माहीत आहे, उत्तर माहीत आहे आणि प्रवाशाच्या खिशात सुट्टे आहेत हेही माहीत आहे. ते सुट्टे पुढच्या थांब्याच्या आत निघतात.

किंवा शिंपी घ्या. तो कमरेभोवती टेप फिरवतो आणि थांबतो. आकडा वहीत लिहीत नाही. वहीची मागची पानं चाळतो, आपलंच नाव शोधून काढतो, तिथला आकडा वाचतो आणि टेप पुन्हा एकदा फिरवतो. मग कानावरची पेन्सिल काढून आपल्याकडे बघतो.

"मागच्या वेळी चौतीस होती."

"टेप जुनी झाली असेल," आपण म्हणतो.

"असेल," तो म्हणतो.

या 'असेल'ला तोड नाही. त्यात वाद नाही, अपमान नाही, मान्यता तर मुळीच नाही. शिवाय शिंपी पँटला आतून दोन बोटं माया ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षाचा हिशेबही त्याने आत्ताच करून ठेवलेला असतो.

लग्नाच्या पंगतीत हे काम मामा लोकांकडे असतं.

"काय करतोस सध्या?"

"कंटेंट स्ट्रॅटेजी बघतो, मामा."

"अस्सं! आणि पोटापाण्याला?"

इथे मामा गोंधळले आहेत असं ज्याला वाटेल त्याने जिलबीचा आग्रह निमूट सहन करावा. मामांनी आपल्या पगाराचा आकडा आईकडून आदल्या दिवशीच काढलेला असतो. त्यांना बघायचंय ते एवढंच, की भाचा स्वतःचं काम सोप्या मराठीत सांगताना कुठे कुठे अडखळतो.

मराठीत या चेहऱ्याला एकसलग विशेषण नाही. प्रश्नार्थक म्हणावं तर तो व्याकरणाच्या तासातून थेट उठून आल्यासारखा वाटतो आणि त्यात गंमत नाही. मिश्किल म्हणावं तर गंमत आहे पण प्रश्न गळाला. खोचक म्हणावं तर जरा जास्तच टोचतं. पण विशेषण नसलं म्हणून आपलं काही अडलेलं नाही, कारण आपल्याकडे दोन अक्षरांचं संपूर्ण वाक्य आहे: 'हो का?' यातला 'का' जितका लांबवाल तितकी भुवई वर जाते. समोरच्याने सांगितलं, मुलाला अमक्या कंपनीने अमुक लाखांचं पॅकेज दिलं. "हो काऽ?" आता पुढचे आकडे समोरचा आपणहून खाली आणतो.

इंग्रजांकडे बुचकळ्यासाठी दुसरे शब्द नाहीत असं नाही. उलट त्यांचा माळा भरलेला आहे आणि तिथल्या काही वस्तू त्यांनाच ओळखू येत नाहीत. बिविल्डर्ड माणूस अक्षरशः रानात वाट चुकलेला असतो. कोकणातला माणूस त्याला चकवा लागला म्हणेल आणि चप्पल उलटी घालायला सांगेल. परप्लेक्स्ड हा लॅटिनमधल्या विणण्या-गुंतण्याच्या क्रियेतून आला, म्हणजे हा गुंत्यातला. बिम्यूज्ड म्हणजे खरं तर गोंधळलेला. पण त्याचा आवाज अम्यूज्डच्या इतका जवळचा की लोक तो गंमत वाटलेल्यासाठी वापरू लागले आणि कोशकारांनी निमूट तोही अर्थ नोंदवला. सर्वांत हद्द नॉनप्लस्ड या शब्दाची. लॅटिनमध्ये 'नॉन प्लुस' म्हणजे 'याउपर नाही'. ज्याची बुद्धी तिथेच संपली आणि बोलती बंद झाली, तो नॉनप्लस्ड. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या बऱ्याच लोकांनी त्याचा अर्थ लावला, ज्याच्यावर काही परिणाम झाला नाही असा, म्हणजे निर्विकार. त्यामुळे बातमी ऐकून साहेब नॉनप्लस्ड झाले असं वाचलं, की साहेब हादरले की ढिम्म राहिले ते वाचणाऱ्याने ठरवायचं. वाचणारा जे होतो, तेही नॉनप्लस्डच. पहिल्या अर्थाने.

या सगळ्यांत क्विझिकलची तब्येत ठणठणीत आहे. यमकालाही तो बरा पडतो. १९६९ साली बीटल्सनी 'ॲबी रोड' ध्वनिमुद्रिकेतल्या 'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर' या गाण्यात जोन नावाच्या मुलीला हे विशेषण लावलं आणि त्याला यमक म्हणून पॅटाफिजिकल हा शब्द आणला. पॅटाफिजिक्स हे फ्रेंच नाटककार आल्फ्रेद जारीने थट्टेखातर काढलेलं शास्त्र. म्हणजे लाखो लोक या दोन शब्दांवर ठेका धरत आले आणि दोन्हींचा अर्थ त्यांतल्या फारच थोड्यांना माहीत असणार. डेलीची पैज खोटी असली तरी सिद्धांत खरा ठरला.

आणि ज्या भिंगापासून हे घराणं मोठं झालं ते भिंगही परतलं. २०१७ साली युनिकोडने नवी चिन्हं जाहीर केली, त्यांत एक भुवई उंचावलेला पिवळा चेहरा होता आणि एका डोळ्याला भिंग लावलेला दुसरा. लंडनचे शौकीन लोक दोनेकशे वर्षांपूर्वी ज्यासाठी सोनाराकडे जात ते आता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुकट आहे. मेहुण्याने पहाटे पाच वाजता पळायला निघाल्याचा फोटो टाकावा, वीस जणांनी अंगठे वर करावेत आणि आत्याबाईंनी नुसतं ते भिंगवालं तोंड टाकावं. खाली एक अक्षर नाही. मेहुणा संध्याकाळपर्यंत खुलासे देत राहतो: फोटो आजचाच आहे, घड्याळ बघा, मागे दूधवाला दिसतोय.

ज्यांना इंग्रजी लिहिण्याचे प्रसंग येतात त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. हे विशेषण चेहरा, नजर, भुवई, हसू, मान कलती करणं, फार तर आवाज यांना लावतात. अवघड प्रश्नपत्रिकेला क्विझिकल म्हणत नाहीत. कोडं स्वतः क्विझिकल नसतं, ते घालणारा असू शकतो. शाळेत सगळ्या क्विझ जिंकलेल्या मुलाच्या शिफारसपत्रात तो फार क्विझिकल आहे असं लिहाल, तर वाचणारा समजेल की मुलगा विक्षिप्त आहे किंवा शिक्षकांची टिंगल करतो. रांगेत तासभर उभं राहून, खिडकीशी पोचल्यावर चुकीची खिडकी निघालेल्या माणसाचा चेहरा क्विझिकल नसतो. खिडकीच्या आत बसून, त्याचा अर्ज दोन बोटांत धरून, 'हे कोणी सांगितलं तुम्हाला?' असं विचारणाऱ्याचा असू शकतो. ही खिडकीची खूण पक्की लक्षात ठेवली तर हे विशेषण सहसा चुकत नाही.

तरी कधी शंका आलीच, की समोरचा खरोखर गोंधळलाय की आपली मजा बघतोय, तर तर्क लढवत बसू नका. सरळ विचारा, "काही कळलं नाही का?" 'नाही हो, पुन्हा सांगता का' असं उत्तर आलं तर बिचारा गोंधळलेला आहे, त्याला बसायला खुर्ची द्या आणि पहिल्यापासून सांगा. 'नाही नाही, कळलं की, चालू दे तुमचं' असं उत्तर आलं तर तो क्विझिकल आहे. अशा वेळी बोलणं आवरतं घ्यावं.